नाव न विचारणारी पेटी

आजवर मी किती पाट्या रंगवल्या याचा हिशेब माझ्याकडे नाही. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने उभी करू नयेत'च्या, 'कुत्र्यापासून सावध'च्या. उन्हापावसात सगळ्या गेल्या, एकही कुणी जपून ठेवली नाही. जपली ती एकच, आणि तीही कर कार्यालयाने. माझ्या अक्षराचा रंगीत फोटो काढला, त्यावर शिक्का मारला आणि फायलीत पुरावा म्हणून लावला. जन्मभर ब्रश धरला त्याची सरकारदरबारी दखल घेतली गेली ती अशी.

ती पाटी म्हणजे एका लोखंडी पेटीवरच्या दोन ओळी. पेटी मयताच्या गाडीत, मागच्या दाराच्या आतल्या अंगाला स्क्रूने बसवलेली. पांढऱ्यावर काळं, ठसठशीत अक्षर:

इथे देणाऱ्याचे नाव विचारत नाहीत.
न देणाऱ्याचेही नाही.

अक्षर माझं, ओळी माझ्या वहिनींच्या. आणि त्या ओळींपायी वहिनींना जे भोगावं लागलं, ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. नोकरी हॉस्पिटलच्या लाँड्रीत. वाफेच्या इस्त्रीखाली चादरी घालणं आणि घडी करणं, हेच काम निवृत्तीपर्यंत. मनगटावर भाजल्याचा एक जुना डाग आहे, घड्याळाच्या पट्ट्यासारखा. घडी घालायची सवय इतकी अंगात मुरली होती की माझ्या दुकानात आल्या तरी बोलता बोलता माझी रंगाने बरबटलेली फडकी चौकोनी घडी करून ठेवत. बोलणंही तसंच, घडीतलं. जास्तीचा शब्द बाहेर लोंबत नसे. माझ्या रागाची मात्र त्यांना मोठी गंमत वाटायची. "भाऊजी, रंगाचा डबा झाकून ठेवा आणि तोंडही, दोन्ही वाळतात," असं म्हणायच्या.

दादा गेला तेव्हा मी पैसे काढायला धावलो होतो. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी एक खासगी गाडीवाला उभा होता, हातात पावतीपुस्तक. वहिनी एकट्या, समोर स्ट्रेचर. त्याने विचारलं, "पावती कोणाच्या नावे फाडू?" वहिनींनी दादाचं नाव सांगितलं. दुसरं कोणतं नाव त्या क्षणी त्यांच्या तोंडात येणार होतं? तो म्हणाला, "बाई, मेलेल्याच्या नावे पावती फाडत नाहीत. पैसे देणारा कोण ते सांगा. आधी पैसे, मग पावती, मग गाडी." मी परत आलो तेव्हा माझा भाऊ फुटपाथवर होता. अंगावरची चादर मळकी होती. वहिनींच्याच लाँड्रीची, पण न धुतलेली.

मी त्या माणसाच्या गचांडीलाच हात घालणार होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, राहू द्या. पैसे द्या." बस, एवढंच. मला वाटलं, बाईला धक्का बसलाय, उद्या विसरेल. कसली विसरते! निवृत्त झाल्या, हातात पैसे आले, आणि हॉस्पिटलने एक जुनी रुग्णवाहिका मोडीत काढली ती त्यांनी विकत घेतली. घरच्यांना कळलं ते गाडी माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये येऊन उभी राहिल्यावर.

गाडीबरोबर ड्रायव्हरही हॉस्पिटलचाच, निवृत्त. त्याचं पाळण्यातलं नाव काहीही असो, सगळे त्याला सावकाश म्हणत, कारण तो दुसऱ्या गिअरच्या वर जातच नसे. रुग्णवाहिकेवर असताना या सवयीबद्दल त्याने शिव्या खाल्ल्या होत्या. आता तीच कामाला आली. "ह्या प्रवासात कुणाला घाई नसते," असं तो म्हणायचा.

गाडी फुकट. फोन आला की निघायचं. वहिनी पुढच्या सीटवर, मांडीवर स्वतः इस्त्री केलेली पांढरी चादर. घरी किंवा हॉस्पिटलात पोचल्यावर चादर घालायच्या, कडा नीट ओढून घ्यायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. नाव, गाव, आजार, वय, काही विचारायचं नाही. कुठल्या घरी गेलो ते कुठे बोलायचं नाही. ज्याला द्यावंसं वाटेल त्याने जाता-येता पेटीत टाकावं. टाकताना इतरांना दिसू नये म्हणून ती दाराच्या आत. श्रीमंत घरातून कधी कधी काहीच पडत नसे, आणि कधी एखाद्या खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातून नोट यायची. कुणाची कुठली ते वहिनींना ठाऊक नसे, ठाऊक झालंच तर त्या विसरल्यासारखं करत. एकदा पेटीत शर्टाचं बटण निघालं. सावकाश हसला. वहिनी म्हणाल्या, "त्या वेळी हाताला जे लागलं ते दिलं असेल माणसानं." ते बटण त्यांनी फेकलं नाही.

इथवर कुणाचं काही बिघडलं होतं का? नाही. पण गाडी रस्त्यावर चालू ठेवायची, बँकेत खातं काढायचं, तर संस्था हवी, नोंदणी हवी, कमिटी हवी. वहिनी खजिनदार झाल्या. मी सभासद. आणि अध्यक्ष म्हणून आम्ही आमच्या गल्लीतले एक निवृत्त बँक अधिकारी घेतले. त्यांचं एकच वाक्य होतं, "मी बसलोय ना!" काहीही विचारा, उत्तर हेच. पहिल्याच बैठकीत वहिनींनी विचारलं, "कराचं वगैरे काही भरावं लागतं का आपल्याला?" अध्यक्ष खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "आपली संस्था नफ्यासाठी नाही. नफा नाही म्हणजे उत्पन्न नाही. उत्पन्न नाही म्हणजे कर नाही. आणि करच नाही तर रिटर्न कसलं भरायचं?"

इतकं सोपं, सरळ. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. वहिनी म्हणाल्या, "तरी एकदा जाणत्या माणसाला विचारून घेऊ या का?" अध्यक्षांचा चेहरा उतरला. "मग मी कशाला बसलोय?" झालं. त्यानंतर वर्षानुवर्षं आम्ही एक कागदही भरला नाही. पेटी उघडायची ती नेहमी दोघांसमोर, पैसे बँकेत जायचे, डिझेल आणि दुरुस्ती त्यातून व्हायची, सगळं चोख. फक्त हे सगळं चोख आहे असं सरकारला सांगायचं असतं, हे आमच्या गावीही नव्हतं.

मग गाडी थकली. चढावर, मयत आत असताना, बंद पडली. गेलेल्या माणसाच्या दोन मुलांनी उतरून ढकलली. बापाला खांदा द्यायचा तिथे त्याच खांद्याने ती पोरं गाडी रेटत होती. वहिनी पुढच्या सीटवरून उतरून त्यांच्या शेजारी ढकलायला लागल्या. त्या दिवशी शेडमध्ये आल्यावर म्हणाल्या, "नवी गाडी घ्यायची. असं पुन्हा व्हायला नको." बँकेत बरेचसे पैसे साठले होते, थोडे कमी पडत होते. तेवढं कर्ज मागायला आम्ही बँकेत गेलो आणि काउंटरवरच्या मुलीने हसतमुखाने विचारलं, "संस्थेची मागची रिटर्न्स आणलीत का?"

मी म्हणालो, "आमची ना-नफा संस्था आहे." ती म्हणाली, "हो, तीच रिटर्न्स."

बँकेने एका कर सल्लागार बाईंचा पत्ता दिला. एका जिन्याखालच्या खोलीत त्या बसायच्या, टेबलावर एवढ्या फायली की त्यांची फक्त मान दिसायची. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "कर लागत नसला तरी रिटर्न भरायचंच असतं," त्या म्हणाल्या. "कर का लागत नाही, हे सांगायलाच तर ते असतं. तुमच्यासारख्या संस्थांना सवलत आहे, पण ती मागावी लागते. दर वर्षी, मुदतीत. न मागितलेली सवलत मिळत नाही." वहिनींनी मान हलवली, त्यांना ते पटलं. मग त्या बाईंनी विचारलं, "पैसे देणाऱ्यांची नावं कुठे आहेत?"

वहिनी म्हणाल्या, "नाहीत."

"काहींची?"

"कुणाचीच नाहीत. विचारतच नाही आम्ही."

सल्लागार बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात, डॉक्टर सांगतात तसं त्यांनी सांगितलं. निनावी पैशाला सवलत नाही. निनावी पैशावर पुरेपूर कर, तोही सगळ्यात चढ्या दराने. उशिराचं शुल्क वेगळं, दंड झाला तर तो वेगळा.

"का पण?" मी ओरडलोच. "लोकांनी मयताच्या गाडीत टाकलेला पैसा तो!"

"कारण लोक संस्था काढतात, पेटी ठेवतात आणि स्वतःचाच काळा पैसा पेटीत सापडला म्हणतात. त्यांच्यासाठी केलेला नियम आहे हा."

"मग त्यांना धरा!"

"त्यांच्याकडे नावं असतात," त्या म्हणाल्या. "खोटी, पण असतात."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आणखी काय असतं? ज्याने लबाडी केली त्याची फाइल जाडजूड, नीटनेटकी, आणि जिने कुणाचं दुःख चव्हाट्यावर येऊ नये म्हणून नाव विचारलं नाही, ती लबाड!

आपणहून सगळी रिटर्न्स भरावीत असं सल्लागार बाईंनी सुचवलं. भरली. बँकेच्या चुरगळलेल्या स्लिपा वहिनींनी घरी नेऊन कापडाखाली ठेवून इस्त्रीने सरळ केल्या, तेव्हा कुठे त्या वाचता आल्या. मग नोटीस आली. मागोमाग एक तपासनीस आला, शेडमध्ये गाडीभोवती फिरला, मागचं दार उघडलं आणि पेटीचा फोटो काढला. "अक्षर छान आहे," म्हणाला. मी त्याला चहा पाजला होता! चहा परत मागता येत असता तर मागितला असता.

नोटिशीनंतर कमिटीची बैठक झाली ती पाहण्यासारखी होती. एकाला अचानक मुलीकडे परगावी राहायला जायचं होतं. दुसरा म्हणाला, "मी तर फक्त सहीपुरता होतो." गाडीच्या उद्घाटनाला फोटोत पुढे घुसणाऱ्यांचे हात राजीनाम्यासाठी पटापट वर झाले. आणि अध्यक्ष? जे इतकी वर्षं बसले होते, ते उठले. म्हणाले, "पैशाचं काम खजिनदाराचं असतं. तरी मी मार्ग सुचवतो. एक वही आणा. तारखा आहेतच. त्या तारखांना जी माणसं गेली त्यांचीच नावं घाला देणगीदार म्हणून. कोण विचारायला येतंय? ती काही साक्षीला येणार नाहीत."

एवढं बोलून ते हसले.

वहिनींना रागावलेलं मी जन्मात एकदाच पाहिलं, ते तेव्हा. आवाज चढला नाही. त्यांनी टेबलावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी घातली. म्हणाल्या, "मेलेल्याच्या नावे पावती फाडत नाहीत, अध्यक्ष. मला एका माणसानं फाटकापाशी उभं करून शिकवलंय. तुम्ही जा घरी."

अध्यक्ष गेले. दुसऱ्या दिवशी राजीनामा आला, तारीख मात्र नोटिशीच्या आधीची घातलेली. बँकेतला माणूस, तारखा घालण्यात पक्का. कमिटी म्हणून उरलो मी आणि वहिनी.

एक रस्ता अजून होता. सल्लागार बाई म्हणाल्या, "ज्या घरांनी दिलं त्यांनी आता सही करून दिलं की 'होय, आम्ही एवढे दिले', तर तेवढा भाग कर ऑफिसातले साहेब वगळू शकतात. कायद्यात बसतं ते." मी तर उडीच मारली. नवी गाडी वाचत होती! मी म्हणालो, "वहिनी, चला, दारोदार फिरू. लोक आनंदाने सही देतील." वहिनींनी एक कोरा कागद उचलला. म्हणाल्या, "एका घरी जाऊन बघते. एकटी जाते."

तासाभरात परत आल्या, कागद कोराच होता.

"नाही म्हणाले?" मी विचारलं.

"विचारलंच नाही."

"मग काय केलंत?"

"पाणी मागितलं आणि आले." मग सांगितलं. "दार उघडलं ती बाई हसत होती. आत कुणीतरी काहीतरी बोललं असेल. हसत हसतच दार उघडलं तिनं, आणि मला बघितलं. हसणं गेलं, भाऊजी. मला बघितल्यावर त्या घराला तो दिवसच दिसतो. प्रत्येक घराला दिसेल. मी कुणाच्या दारात विनाकारण उभं राहू नये."

"विनाकारण कसं? नव्या गाडीसाठी!" मी म्हणालो.

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. कोरा होता, तरी तोही घडी करून.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो, वहिनी, मी आणि साक्षीला सावकाश. तिसरा मजला, लिफ्ट बंद. बाकाची एक फळी निघालेली, त्यामुळे तिघांना मिळून दोघांची जागा. भिंतीवर सूचना लावलेल्या, एकही अक्षर सरळ नाही, कुठल्या आंधळ्याकडून रंगवून घेतल्या होत्या कोण जाणे. तेवढ्यात सुनावणी घेणारे साहेब फाइल घेऊन आमच्यासमोरून आपल्या खोलीत गेले. सावकाश एकदम उभा राहिला आणि परत बसला.

"हे ते," तो माझ्या कानात म्हणाला. "ह्यांच्या बायकोला आपल्याच गाडीतून नेलं. घराच्या वळणावर आल्यावर मला म्हणाले, आत नको, आणखी एक चक्कर मारा. मी मारली. परत म्हणाले, आणखी एक. मग उतरताना खिशात होतं तेवढं सगळं पेटीत..."

"सावकाश," वहिनी समोर बघत म्हणाल्या, "गाडी चालवता तसंच तोंडही चालवा."

म्हणजे वहिनींनीही ओळखलं होतं! माझ्या अंगात वीज संचारली. देणारा समोर बसलाय, त्याच्याच हातात लेखणी आहे. आता जिंकलोच, असं मला वाटलं.

साहेब वाईट बोलले नाहीत, ते खरं सांगतो. वाईट बोलले असते तर भांडायला बरं झालं असतं. फाइल उघडली, माझ्या अक्षराचा फोटो वरच होता. ते म्हणाले, "बाई, तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण हे बघा. तुम्ही नाव विचारायला विसरलात असं नाही. विचारणार नाही, असं रंगवून लावलंय तुम्ही. मी काय करू?"

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या.

"इतकी वर्षं इतक्या लोकांना नेलंत. एकही नाव आठवत नाही? एखादं जरी सांगितलंत आणि त्या माणसाने येऊन होय म्हटलं, तरी मला निदान लिहिता येईल की देणारे खरे होते, दंड कशाला."

"आठवतात," वहिनी म्हणाल्या.

"मग सांगा."

"नाही सांगणार."

"का?"

"तुम्ही वाचलंत ना, साहेब, पेटीवर."

साहेबांनी मान वर केली आणि पहिल्यांदा वहिनींकडे नीट बघितलं. आधी त्यांनी ओळखलं होतं की नाही, मला माहीत नाही. आपण गेलेल्या बायकोशेजारी बसलेलो असताना पुढच्या सीटवरची बाई कोण, हे कोण बघतं? पण आता बघितलं. मग त्यांची नजर सावकाशकडे गेली आणि तिथून हलेना.

मला राहवेना. मी खुर्चीतून अर्धा उठलो. "साहेब, मी सांगतो एक नाव..."

"भाऊजी, बसा."

फाटकापाशी 'पैसे द्या' म्हणाल्या होत्या त्याच आवाजात. मी बसलो. आणि साहेब? ते बोलू शकत होते. 'मी दिले होते,' तीन शब्द. नाही बोलले. पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागले.

हुकूम आला. पेटीतल्या सगळ्या पैशावर कर, उशिराचं शुल्क. दंड तेवढा माफ, 'हेतू अप्रामाणिक आढळला नाही' म्हणून. केवढे उपकार! प्रामाणिकपणाचा दाखला हातात आला आणि नवी गाडी गेली. खात्यात उरलं ते जुन्या गाडीच्या इंजिनाला पुरेल न पुरेल एवढं.

हुकूम घेऊन जिना उतरताना मी वहिनींवर तुटून पडलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. "एक शब्द, वहिनी! एक शब्द बोलला असतात तर निदान त्याची मान खाली गेली असती! तो मनुष्य आपल्या गाडीत बसून दोन चकरा मारतो आणि आपलीच गाडी काढून घेतो, आणि तुम्ही गप्प! कुणासाठी? त्याची बायको तर गेली!"

वहिनी पायरीवर थांबल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या, दम लागला होता.

"तिच्या अंगावर मी चादर घातली होती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ती ओढून काढू आणि साहेबांना दाखवू, की बघा कोण आहे?"

मी हुकमाचा कागद खिशात कोंबला. राग मात्र गेला नाही, तो आजही आहे. फक्त कुणावर काढायचा ते त्या पायरीवर मला कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला पेटीचे स्क्रू काढायला लावले. "कायदा कायदा आहे," म्हणाल्या. "यापुढे नाव लागणार, तर नाव घेऊ. पण मयताच्या दारात नाही." मग त्यांनी जे डोक्यातून काढलं ते ऐकून सल्लागार बाईही फायलींआडून उठून उभ्या राहिल्या. गाडीत पैसे घ्यायचेच नाहीत, एक पैही नाही. सभासद करायचे, जिवंतपणी, धडधाकट असताना. नाव, पत्ता, वर्गणी, पावती, सगळं कायद्याप्रमाणे. आणि गाडी सभासदाकडेही जाणार, नसेल त्याच्याकडेही.

"पाटी रंगवा," मला म्हणाल्या आणि मजकूर सांगितला: 'मेल्यावर नाव विचारणार नाही. म्हणून आत्ताच लिहा.'

"लोक पळून जातील, वहिनी!"

"पळणारे धडधाकट असतील. त्यांनाच गाठायचंय."

बाजाराच्या तोंडाशी टेबल टाकलं. पहिले दोन तास लोक पाटी वाचून खरंच लांबून गेले. एकाने तर आमच्याकडे बघून रस्ता ओलांडला. मग एक मासळीवाली थांबली, पाटी मोठ्याने वाचली आणि पोट धरून हसली. "लिहा बाई माझं! नवऱ्याचंही लिहा, त्याला सांगू नका!" तिच्या हसण्याने माणसं जमली. संध्याकाळपर्यंत पावतीपुस्तक अर्धं झालं होतं. माजी अध्यक्षही आले, थेट टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीकडे निघाले. वहिनी म्हणाल्या, "रांग तिकडून आहे." गेले बिचारे रांगेत. मला त्या दिवशी जेवणच नको होतं, पोट तेवढ्यानेच भरलं.

आता दर वर्षी वहिनी स्वतः रिटर्न भरतात. मुदतीच्या कितीतरी आधी, इस्त्री केल्यासारखे सरळ कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढतात. नवी गाडी अजून आलेली नाही. जुनीचं इंजिन उघडून बसवलं, चढावर ती अजून कण्हते. सावकाश तिला पहिल्या गिअरमध्ये नेतो.

साहेब आले ते दुसऱ्या वर्षी. सुट्टीचा दिवस होता, साधा शर्ट, हातात भाजीची पिशवी. मी टेबलाशेजारी शिडीवर चढून पाटीला नवा हात देत होतो. त्यांना रांगेत बघितलं आणि माझं डोकं सणकलं. खाली उतरून चार शब्द सुनवावेत असं मनात आलं. रांगेत उभं राहिलं म्हणजे सगळं फिटलं का? वर्गणीची पावती फाडली की गाडी परत येते का?

त्यांचा नंबर आला. वहिनींनी मान वर न करता पेन उचललं. "पूर्ण नाव?"

त्यांनी सांगितलं. वहिनींनी लिहिलं.

"पत्ता?"

तोही सांगितला. ज्या फाटकाशी आमची गाडी दोन चकरांनंतर थांबली होती, तोच हा पत्ता असणार. वहिनींनी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा घर नंबर पुन्हा विचारून लिहून घेतला. पावती फाडली, घडी घातली आणि पुढे केली.

साहेबांनी ती घेतली, पण हलले नाहीत. मागची माणसं चुळबुळायला लागली. मग ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मला ओळखलंत ना?"

माझा ब्रश हातातच राहिला. वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"ओळखलं ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही कर ऑफिसातले साहेब."

साहेब तसेच उभे राहिले. त्यांनी पावती खिशात घातली, पिशवी उचलली आणि माझ्या शिडीखालून निघून गेले. चार शब्द माझ्या तोंडात तयार होते, ते मी गिळले.

वहिनींनी कार्बन पुढच्या पानाखाली सरकवला. "या, पुढचे," त्या म्हणाल्या. "नाव सांगा."